पार्सल अडकले तर: नोंद वाचावी कशी आणि दाद मागावी कोठे

टपालाने किंवा कुरिअरने पाठवलेली वस्तू वेळेवर आली नाही की आपण मोबाइलवर ट्रॅकिंगचे पान उघडतो आणि तेथे दिसणारे शेवटच्या गावाचे नाव वाचून ‘पार्सल अजून नाशकातच आहे’ असे घरच्यांना सांगून टाकतो. हे विधान पुष्कळदा चुकीचे असते. त्या पानावर वस्तूचा ठावठिकाणा नसतो. तेथे असते ती शेवटच्या स्कॅनची नोंद, म्हणजे कोणत्या तरी कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने बारकोडवर यंत्र धरले त्या क्षणाची तारीख, वेळ आणि जागा. त्या क्षणानंतर थैली ट्रकमध्ये चढली असेल, फलाटावर पडून असेल किंवा शेजारच्याच टेबलाखाली सरकली असेल. पानाला त्यातले काहीच ठाऊक नसते. म्हणून ‘माझे पार्सल कोठे आहे’ या प्रश्नाला खिडकीवर बसलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. ‘अमुक तारखेला अमुक कार्यालयात नोंद झाली, त्यापुढची नोंद का झाली नाही’ असे विचारले तर मात्र त्याला संगणकात पाहून काही तरी सांगावेच लागते. पुढे जे लिहिले आहे ते सगळे हा दुसरा प्रश्न योग्य वेळी, योग्य माणसाला आणि शक्यतो लेखी कसा विचारावा यासंबंधी आहे.

पावती आणि क्रमांक

बुकिंगची पावती हा पुढच्या प्रत्येक तक्रारीचा पाया असतो आणि नेमकी तीच सर्वांत आधी हरवते. खिडकीवर मिळणाऱ्या कागदावरची छपाई उष्णतेने होते. तो कागद खिशात घामाने भिजला किंवा गाडीच्या काचेमागे उन्हात पडून राहिला की त्यावरचे अंक फिके पडू लागतात. त्यामुळे खिडकीपासून दूर होण्याआधीच पावतीचा फोटो काढावा आणि तेथेच उभे राहून क्रमांक, पिन कोड, वजन व रक्कम एवढे पडताळून घ्यावे. पिन कोड चुकीचा टंकला गेला असेल तर ती चूक सहज दुरुस्त होण्याची जागा तीच खिडकी होय. वजनाच्या आकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही, परंतु पार्सल वाटेत फोडल्याचा संशय आला तर पावतीवरचे 1,240 ग्रॅम आणि हातात आलेले 860 ग्रॅम यांतला फरक आपल्या पानभर वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

टपाल खात्याच्या क्रमांकात तेरा चिन्हे असतात: आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे, जी आपल्याकडे ‘आयएन’ अशी असतात. ही रचना जागतिक टपाल संघाने ठरवून दिलेली असून पहिल्या अक्षरावरून सेवेचा प्रकार कळतो; ‘ई’ हे स्पीड पोस्टाचे, ‘सी’ हे पार्सलाचे आणि ‘आर’ हे रजिस्टरचे चिन्ह आहे. महाराष्ट्रात बुक झालेल्या स्पीड पोस्टाचा क्रमांक बहुधा ‘ईएम’ने सुरू होतो. मधल्या नऊ जागी केवळ अंकच असू शकतात, त्यामुळे तेथे दिसणारा गोल हा ‘ओ’ आहे की शून्य, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. ते शून्यच असते.

या नऊ अंकांपैकी नववा अंक पडताळणीचा असतो. आधीच्या आठ अंकांना क्रमाने 8, 6, 4, 2, 3, 5, 9 आणि 7 यांनी गुणून बेरीज करायची, तिला 11 ने भागून उरलेली बाकी 11 मधून वजा करायची, की नववा अंक मिळतो. उत्तर 10 आले तर शून्य आणि 11 आले तर 5 धरतात. उदाहरणार्थ, पहिले आठ अंक 12345678 असतील तर बेरीज 204 होते, बाकी 6 उरते आणि नववा अंक 5 येतो, म्हणजे पूर्ण संख्या 123456785 अशी होते. आता पुसट पावतीवरचा 6 आपण 8 असा वाचला तर बेरीज 214 होते, नववा अंक 6 यायला हवा होता आणि पावतीवर तर 5 आहे, हे लगेच उघड होते. हा हिशेब रोज करावा असे कोणी म्हणणार नाही, परंतु क्रमांक चुकीचा असल्याचे उत्तर वारंवार येत असेल तर पाठवणाऱ्याशी वाद घालण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटे बसणे परवडते.

कोणत्या सेवेने पाठवले हेही क्रमांकाइतकेच महत्त्वाचे असते. स्पीड पोस्ट 1 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झाले, तर रजिस्टरची परंपरा त्याहून कितीतरी जुनी होती. 2025 साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन करण्यात आले आणि ज्याच्या नावे वस्तू आहे त्यालाच ती देण्याची ‘नोंदणी’ ही स्पीड पोस्टावर जादा शुल्क भरून घ्यायची सोय झाली. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू हाती देण्याची सोयही त्याच वेळी आली. बँकेची कागदपत्रे, मूळ दाखले, पासपोर्टसंबंधी कागद अशा वस्तूंसाठी या दोन्ही सोयी घ्याव्यात असे मी आग्रहाने सुचवीन, कारण त्यांचे शुल्क किरकोळ आहे आणि ‘कोणाच्या हातात दिले’ हा पुढे उद्भवणारा सर्वांत चिवट वाद त्यांनी जागीच मिटतो. पोच मिळाल्याचा पुरावा हवा असेल तर तोही बुकिंगच्या वेळीच मागावा.

पत्ता आणि पिन कोड

पार्सल भलतीकडे जाण्याच्या कारणांत पिन कोडचा क्रमांक फार वरचा लागतो. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि तिची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी, जे संस्कृतचे कवी म्हणूनही ओळखले जातात. सारख्या नावांची गावे, वेगवेगळ्या लिप्या आणि अपुरे पत्ते यांवरचा तो तोडगा होता, आणि वर्गीकरण करणारा कर्मचारी आजही गावाच्या नावाआधी हे सहा अंकच पाहतो. पहिला अंक 4 असेल तर महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड. पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन बटवडा करणारे कार्यालय. सातारा शहराचा 415001 आणि रत्नागिरीचा 415612 हे दोन्ही 415 नेच सुरू होतात, तेव्हा मधल्या एका अंकाच्या घोटाळ्याने घाटावरचे पार्सल कोकणात उतरणे मुळीच अशक्य नाही. पत्त्यात ‘सातारा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असले तरी.

इमारतींच्या नावांविषयी तर काय सांगावे! एकाच उपनगरात तीन ‘साईकृपा’ आणि दोन ‘श्रीगणेश’ असतात, आणि प्रत्येकाला आपलीच इमारत मूळची वाटते. म्हणून इमारतीच्या नावाबरोबर सर्व्हे क्रमांक किंवा प्लॉट क्रमांक, गल्लीचे नाव आणि न बदलणारी एक खूण लिहावी. ‘मेडिकलसमोर’ ही खूण दुकान हलले की संपते. ‘मारुती मंदिरामागे’ ही पुढच्या पिढीपर्यंत टिकते. टपाल खात्याने 2025 मध्ये खुला केलेला ‘डिजिपिन’ हा दहा चिन्हांचा संकेतांक सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनापर्यंत जागा दाखवतो आणि वाडीवस्तीवरच्या घरांसाठी तो खरोखर सोयीचा आहे, मात्र त्याने पिन कोडची जागा घेतलेली नाही, दोन्ही लिहावेत.

नोंदी कशा वाचाव्यात

‘बुक्ड’ म्हणजे खिडकीवर स्वीकारले. ‘बॅग्ड’ म्हणजे इतर वस्तूंबरोबर थैलीत घालून थैली बंद केली. येथून पुढे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, आणि ती माहीत नसल्यामुळेच बहुतेक माणसे विनाकारण घाबरतात: थैली बंद झाल्यावर प्रवासात स्कॅन होते ती थैली, आतले प्रत्येक पाकीट नव्हे. थैली पुढच्या वर्गीकरण केंद्रात उघडून आतल्या वस्तू वेगळ्या केल्या जाईपर्यंत आपल्या क्रमांकापुढे नवे काही दिसत नाही, त्यामुळे ‘डिस्पॅच्ड’नंतरची दीड-दोन दिवसांची शांतता हा बिघाड मानण्याचे कारण नाही. मध्ये रविवार किंवा सार्वजनिक सुट्टी आली तर आणखी एक दिवस धरावा.

‘रिसीव्ह्ड’ ही नोंद कोणत्या कार्यालयाची आहे ते नीट पाहावे. नावापुढे ‘एनएसएच’ किंवा ‘आयसीएच’ असेल तर ते वर्गीकरण केंद्र होय. तेथे जाऊन पार्सल मागण्यात अर्थ नसतो, कारण तेथून थेट बटवडा होत नाही. नाव आपल्या भागातल्या टपाल कार्यालयाचे असेल तर मात्र वस्तू शेवटच्या टप्प्यावर आली असे समजावे. खेड्यांत आणखी एक टप्पा असतो: तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या कार्यालयातून वस्तू शाखा डाकघरात जाते आणि तेथून ग्रामीण डाकसेवक ती घरी आणून देतो, त्यामुळे ‘पोचले’ असे दिसूनही एखादा दिवस जाऊ शकतो.

‘आउट फॉर डिलिव्हरी’ म्हणजे पोस्टमनच्या त्या दिवसाच्या यादीत नाव चढले. यानंतर ‘डोअर लॉक्ड’ असे दिसले तर दाराशी किंवा पत्रपेटीत सूचनेची चिठ्ठी शोधावी. वस्तू परत कार्यालयात जाते, तेथे साधारण सात दिवस राहते आणि मग पाठवणाऱ्याकडे निघते. ओळखपत्र घेऊन आपण स्वतः जावे, नाही तर सही केलेले अधिकारपत्र आणि आपल्या ओळखपत्राची प्रत देऊन दुसऱ्याला पाठवावे. ‘इनसफिशियंट अ‍ॅड्रेस’ किंवा ‘अ‍ॅड्रेसी कॅनॉट बी लोकेटेड’ अशी नोंद दिसल्याबरोबर त्याच दिवशी हालचाल केली तर परतीचा प्रवास थांबवता येतो. दुसऱ्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो. ‘रिफ्यूज्ड’ या नोंदीविषयी एवढेच सांगतो की कायदेशीर नोटीस नाकारल्याने ती टळत नाही. नाकारणे म्हणजे नोटीस बजावली गेली असेच न्यायालय सामान्यतः धरते.

थांबायचे किती, याचा अंदाज स्पीड पोस्टासाठी असा धरावा: एकाच शहरात एक ते दोन दिवस, महानगरांदरम्यान एक ते तीन, राज्यांतर्गत एक ते चार आणि देशात अन्यत्र चार ते पाच. त्यावर दोन दिवस उलटले आणि नवी नोंद झाली नाही, तर थांबण्यात शहाणपण नाही. अशा वेळी आधी आपल्या भागाच्या बटवडा कार्यालयात जावे, आणि तेही सकाळी पोस्टमन मंडळी आपापल्या बीटवर निघण्याआधी. दुपारी गेल्यास खिडकीवरचा कर्मचारी संगणकात जे दिसते तेच वाचून दाखवतो, तर सकाळी आपल्या बीटचा पोस्टमन प्रत्यक्ष भेटतो आणि ‘तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांकडे दिलंय की’ हे वाक्य त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते.

नोंद ‘डिलिव्हर्ड’, हात रिकामे

सर्व अडचणींत ही अडचण अधिक त्रासाची, कारण येथे नोंदच आपल्या विरुद्ध साक्ष देते. पहिल्या तासाभरात करायचे काम साधे आहे: घरातल्या प्रत्येकाला, शेजाऱ्यांना, सोसायटीच्या वॉचमनला आणि पार्सले ठेवून घेणाऱ्या जवळच्या दुकानदाराला विचारावे, फाटकावरची वही असेल तर त्या दिवसाचे पान पाहून फोटो काढावा. त्यानंतर पानावरच्या नोंदीचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा आणि डिलिव्हरीच्या पुराव्याची मागणी करावी, म्हणजे सही, घेणाऱ्याचे नाव, ओटीपीची नोंद किंवा दारात काढलेला फोटो.

या फोटोची किंमत मला स्वतःच्या अनुभवातून कळली. पुण्यात राहणाऱ्या बहिणीला मी एका कुरिअर कंपनीमार्फत आईच्या दोन जुन्या साड्या आणि हाताने लिहिलेल्या पाककृतींची वही पाठवली होती. संध्याकाळी वस्तू पोचल्याचा संदेश आला. बहीण दिवसभर घरातच होती आणि तिची बेल एकदाही वाजली नव्हती. ग्राहक सेवेने दोन दिवस ‘आमच्या नोंदीनुसार वस्तू मिळाली आहे’ एवढेच पालुपद चालवले. तिसऱ्या दिवशी मी फोनवर बोलणे सोडून ईमेल लिहिले आणि त्यात केवळ पुराव्याची प्रत मागितली. आलेल्या फोटोत आमचे पार्सल स्पष्ट दिसत होते, पण ते ज्या दाराशी होते ते दार हिरवे होते, चौकटीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ असे दोन स्टिकर होते, त्यांतला ‘लाभ’ अर्धा सुटलेला, आणि उंबऱ्यापाशी लहान मुलाचे एकच पिवळे गमबूट. बहिणीचे दार तपकिरी. ती तो फोटो घेऊन शेजारच्या गल्लीतल्या त्याच नावाच्या दुसऱ्या इमारतीत गेली आणि दुसऱ्या मजल्यावर ते अर्धे सुटलेले ‘लाभ’ तिला सापडले. घरातली मंडळी गावी गेली होती, पार्सल आतल्या बाजूला शेजारणीने उचलून ठेवले होते. भांडून जे दोन दिवसांत झाले नाही ते एका कागदाच्या मागणीने झाले.

टपाल खात्याच्या बाबतीत हाच पुरावा मिळवण्याचा आणखी एक मार्ग असतो. खाते सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे माहिती अधिकार कायदा, 2005 खाली दहा रुपये शुल्क भरून, म्हणजे टपाल कार्यालयातच मिळणारी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून, बटवड्याच्या नोंदीची आणि सहीची प्रत मागता येते, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. खाजगी कुरिअर कंपन्यांना हा कायदा लागू नाही.

पार्सल फाटलेले, ओले किंवा पुन्हा चिकटपट्टी लावलेले दिसले तर सही करण्याआधी थांबावे. सहाही बाजूंचे फोटो घ्यावेत, घरच्या काट्यावर वजन करून तो आकडा दिसेल असा एक फोटो घ्यावा आणि मगच, शक्यतो चित्रीकरण करत, ते उघडावे. टपाल कार्यालयात असे पार्सल ‘ओपन डिलिव्हरी’ने, म्हणजे अधिकाऱ्यासमोर उघडून आतल्या वस्तूंची यादी करून घेण्याची मागणी करता येते. कुरिअरचा मुलगा घाईत असेल आणि थांबायला तयार नसेल, तर त्याच्या यंत्रावर किंवा कागदावर ‘पार्सल फाटलेल्या स्थितीत मिळाले’ एवढे तरी लिहून मगच सही करावी. कोरी सही ही पूर्ण समाधानाची कबुली समजली जाते.

तक्रार कोणी करावी, कोणाकडे करावी

येथे पुष्कळांची गल्लत होते. वाहतुकीचा करार ज्याने पैसे भरून वस्तू पाठवली त्याच्याशी झालेला असतो, म्हणून टपाल असो वा कुरिअर, पावती हातात असलेल्या पाठवणाऱ्याच्या तक्रारीला अधिक वजन असते; घेणाऱ्याने त्याला स्क्रीनशॉट आणि हकिगत पुरवावी. ऑनलाइन खरेदीत याच न्यायाने पाठवणारा म्हणजे विक्रेता. ‘कुरिअरवाल्याशी बोला’ असे सांगून संकेतस्थळाला हात झटकता येत नाहीत, कारण कुरिअर आपण नेमलेला नसतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार अशा कंपनीने तक्रार अधिकारी नेमावा, 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे असे बंधन आहे. प्रत्यक्षात न येता ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद करण्याचा प्रकार कुरिअरमध्ये वरचेवर होतो. अशा वेळी त्या दिवसाच्या कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडून, कोणताही फोन आला नसल्याचे त्याच दिवशी लिहून कळवावे, नाही तर तीन खोट्या प्रयत्नांनंतर वस्तू परत जाते आणि विक्रेता मात्र ‘तुम्हीच घेतली नाही’ असे म्हणतो.

टपाल खात्यासाठी खात्याच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि 1800 266 6868 हा निःशुल्क क्रमांकही आहे. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. समाधान झाले नाही तर केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ या तक्रार पोर्टलवर टपाल विभाग निवडून लिहावे. तेथे तक्रार निकाली काढण्यासाठी 21 दिवसांची मुदत घालून दिलेली आहे आणि उत्तर असमाधानकारक वाटल्यास अपील करता येते. खाते वेळोवेळी डाक अदालतीही भरवते, त्यांच्या तारखा वर्तमानपत्रांत येतात. खाजगी कंपनी असो वा विक्रेता, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक उपयोगी पडतो, आणि त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात तेथे शुल्क लागत नाही, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते.

भरपाईविषयी अपेक्षा माफक ठेवलेली बरी. टपाल खात्याला कायद्याने दायित्वातून मोठी सूट दिलेली आहे. 1898 च्या कायद्यात ती होती आणि 18 जून 2024 पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, 2023 मध्येही ती आहे. स्पीड पोस्ट हरवल्यास शुल्काच्या दुप्पट किंवा 1,000 रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, असाच हिशेब वर्षानुवर्षे चालत आला आहे. पन्नास रुपयांच्या शुल्कावर शंभर रुपये हातात पडतात, मग आत कितीही किमतीची वस्तू असो. कुरिअर कंपन्यांच्या पावतीमागेही बारीक अक्षरांत अशीच मर्यादा छापलेली असते. किमती वस्तू असेल तर बुकिंगच्या वेळीच विमा उतरवणे आणि खरेदीचे बिल जपणे हाच यावर खरा उपाय, आणि नोटा किंवा दागिने साध्या पार्सलात घालून पाठवणे हा शुद्ध वेडेपणा होय.

तक्रारीचे पत्र लहान असावे. रागाची विशेषणे, कर्मचाऱ्यांच्या हेतूंबद्दलचे तर्क आणि ‘ही लूट आहे’ अशी वाक्ये वाचणारा अधिकारी गाळूनच वाचतो. पुढील नमुना पुरेसा आहे:

‘महोदय, दिनांक … रोजी … कार्यालयातून क्रमांक … ची वस्तू, वजन … ग्रॅम, पिन कोड … येथे पाठवली आहे. दिनांक … रोजी … वाजता … या कार्यालयात तिची शेवटची नोंद झाली असून त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे … दिवस, पुढील नोंद झालेली नाही. सदर वस्तू त्या कार्यालयातून कोणत्या थैलीने व केव्हा पुढे पाठवली याची चौकशी करून मला लेखी कळवावे. पावतीची प्रत आणि नोंदीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.’

यातली ‘कोणत्या थैलीने’ ही विचारणा मुद्दाम घातली आहे. प्रत्येक थैलीला स्वतःचा क्रमांक असतो आणि आतल्या वस्तूंची यादी असते. तेव्हा उत्तर देणाऱ्याला ती यादी उघडून पाहावी लागते, आणि अडकलेल्या वस्तू सापडतात त्या अशाच.

वाट पाहणाऱ्याला गाठणारे खोटे संदेश

पार्सलची वाट पाहणारा माणूस एरवीपेक्षा भोळा झालेला असतो, आणि ठगांना हे पक्के ठाऊक असते. ‘आपले पार्सल गोदामात आले आहे, पत्ता अपुरा असल्याने देता आले नाही, 48 तासांत खालील दुव्यावर पत्ता भरा’ असा टपाल खात्याच्या नावाने येणारा संदेश खोटा असल्याचे पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाने जाहीर केलेले आहे. त्या दुव्यावर पत्त्यापाठोपाठ पंचवीस-तीस रुपये ‘पुन्हा डिलिव्हरी शुल्क’ म्हणून मागतात, आणि खरे लक्ष्य असते ते कार्डाच्या तपशिलावर. टपाल खात्याचे संकेतस्थळ ‘गव्ह डॉट इन’नेच संपते, संदेशातला दुवा न उघडता आपल्या पावतीवरचा क्रमांक त्या संकेतस्थळावर स्वतः टंकून पाहावा. दुसरा प्रकार अधिक बेरकी आहे: डिलिव्हरी बॉय असल्याचे सांगणारा माणूस पत्ता सापडत नसल्याची बतावणी करून *21* किंवा *401* ने सुरू होणारा क्रमांक लावायला सांगतो. तो लावला की आपले फोन त्याच्याकडे वळतात आणि बँकेचे ओटीपी कॉलही. चुकून असे घडलेच तर ##002# लावून सर्व वळवलेले कॉल रद्द करावेत, बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास तत्क्षणी 1930 वर तक्रार नोंदवावी. ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’ असे सांगून व्हिडिओ कॉलवर पोलीस दाखवणाऱ्याचा फोन कापून टाकावा. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

परदेशी जाणारा फराळ

दिवाळीच्या आधी महिनाभर डोंबिवली, ठाणे, पुणे येथून चकल्या-चिवड्याचे डबे जगभर निघतात, आणि परदेशी पार्सलाच्या नोंदी वाचण्याची वेळ अनेकांवर त्याच वेळी येते. तेरा चिन्हांचा क्रमांक सर्व देशांत सारख्याच रचनेचा असल्यामुळे पार्सल भारताबाहेर पडल्यावर तोच क्रमांक त्या देशाच्या टपाल सेवेच्या संकेतस्थळावर टाकावा. तेथे नोंदी आपल्याकडच्यापेक्षा लवकर आणि अधिक तपशिलाने दिसतात. ‘कस्टम्स’पाशी नोंद थांबली असेल तर दोष बहुधा घोषणापत्राचा असतो. त्यावर ‘खाद्यपदार्थ’ एवढेच न लिहिता प्रत्येक पदार्थ, त्याचे वजन आणि किंमत वेगवेगळी लिहावी, आणि पाठवण्याआधी त्या देशात कोणते पदार्थ चालत नाहीत ते पाहून घ्यावे. दुधाच्या मिठाईमुळे सगळा डबा अडकल्याची उदाहरणे घरोघरी ऐकायला मिळतात.

नियम ऐन वेळी बदलतात हेही गृहीत धरावे. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या वस्तूंची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून काढून घेतली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला त्या देशाकडचे पार्सल काही आठवडे थांबवावे लागले आणि सेवा पुन्हा सुरू झाली ती 15 ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी आठवड्यावर आली असताना. हंगामात पाठवायचे असल्यास बुकिंगच्या दिवशी खिडकीवर त्या देशाची सेवा चालू आहे का आणि शुल्क कोणी, केव्हा भरायचे, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत. परदेशी वस्तू हरवल्यास चौकशीचा अर्ज पाठवल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. त्यानंतर आलेला अर्ज टपाल प्रशासनावर बंधनकारक राहत नाही. तेव्हा फराळ पोचल्याचा फोन येऊन गेला तरी पावतीचा फोटो संक्रांतीपर्यंत पुसू नये, आणि फोन आलाच नाही तर संक्रांतीची वाट पाहू नये.